घाटातला दगड आणि निविदेतला जूल



तुम्ही शिरूरला राहत असाल तर घोड नदीच्या आणि दौंडला राहत असाल तर भीमेच्या पात्रातले गुळगुळीत काळे गोटे तुम्ही नक्कीच पाहिले असतील. हे गोटे आले कोठून? घोड आणि भीमा या दोन्ही नद्यांचा उगम सह्याद्रीत आहे. तेथल्या कड्यावरून सुटलेला दगड ओढ्यात पडतो, ओढ्यातून नदीत येतो आणि घासत, गोल होत पुढे पुढे सरकतो. म्हणजे डोंगरावरून दगड पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. सह्याद्री लाखो वर्षे असाच झिजत आला आहे. संकट उभे राहते ते या दगडाच्या वाटेवर आपण रस्ता बांधतो तेव्हा!

आणि रस्ता तर बांधावाच लागतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतला माल मुंबईकडच्या बंदरांत न्यायचा तर घाट उतरावा लागतो. दौंडहून मुंबईला निघालेली आगगाडी लोणावळा सोडले की बोरघाटात शिरते. जुन्नर तालुका ओलांडून कल्याणकडे जाणारा रस्ता माळशेज घाटातल्या जंगलातून उतरतो.

दि. १९ जुलै २०१५ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली आणि मोटारीतले प्रवासी मृत्युमुखी पडले. त्याच आडोशीजवळ २३ जुलै २०२३ च्या रात्री पुन्हा दरड आली आणि मुंबईकडे जाणारा रस्ता बंद झाला. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडमातीमुळे गाडी घसरली व पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, मत्स्यगंधा एक्सप्रेसला अशाच दगडांमुळे अपघात झाला.

असे काही घडले की आपण सगळे म्हणतो, “सरकारने डोंगराला जाळ्या लावायला हव्यात.” बरोबर आहे. पण जाळी लावायची म्हणजे नेमके काय करायचे? ती किती मजबूत हवी हे कसे ठरते? आणि सरकार ती विकत कशी घेते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना नववीत शिकलेली ‘कार्य आणि ऊर्जा’ ही दोन प्रकरणापुरती वाटणारी नावे आपल्या फार उपयोगी पडणार आहेत.

दगड सुटतो कसा?

तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या, खोल विहिरीची भिंत पाहा. (कठड्यावरून वाकू नका, लांबूनच पाहा.) वर माती, मग मुरूम, मग काळा फत्तर, काही ठिकाणी मध्येच लालसर मातीचा पट्टा आणि पुन्हा फत्तर असे थर दिसतील. हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. घाटातले कडे याच खडकाचे! तुमच्या विहिरीची भिंत शेकडो मीटर उंच झाली आहे अशी कल्पना करा, म्हणजे सह्याद्रीचा कडा डोळ्यांपुढे येईल.

लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. कठीण थराखालचा मऊ थर पावसाने लवकर झिजतो आणि वरचा फत्तर अधांतरी राहतो. झाडांची मुळे भेगा रुंदावतात. पण खरा धक्का देते ते पाणी.

समजा, खडकात ५ मीटर खोल, १ मीटर लांब आणि फक्त १ सेंटिमीटर रुंद अशी भेग आहे. ती भरायला किती पाणी लागेल? गुणाकार करा: ०.०५ घनमीटर, म्हणजे ५० लिटर. तीन-चार बादल्या! आता या पाण्याचा दाब पाहू. पृष्ठभागाशी दाब शून्य आणि तळाशी १००० × ९.८ × ५ = ४९,००० न्यूटन दर चौरस मीटरला. सरासरी धरली २४,५००. भेगेच्या भिंतीचे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. म्हणून एकूण बल झाले १,२२,५०० न्यूटन, म्हणजेच साडेबारा टन वजनाएवढे. तीन-चार बादल्या पाणी साडेबारा टनांचा रेटा देते, कारण द्रवाचा दाब खोलीवर अवलंबून असतो, रुंदीवर नाही. भेग दुप्पट खोल असेल तर रेटा चौपट होतो.

म्हणून कड्यातले पाणी वाहून जाण्यासाठी आडवी भोके पाडणे हे जाळी लावण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. ते स्वस्तही असते. पण रस्त्यावरून ते दिसत नाही, म्हणून त्याची आठवण कोणी काढत नाही.

दगड कितीचा?

आता दगड सुटला असे धरू. आपला काळा फत्तर पाण्याच्या सुमारे २.९ पट जड असतो. एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा धोंडा म्हणजे २९०० किलोग्रॅम. तो ३० मीटर उंचीवरून सरळ खाली आला तर त्याचा वेग

√(२ × ९.८ × ३०) = सेकंदाला सुमारे २४ मीटर,

म्हणजे ताशी ८७ किलोमीटर होतो. त्याची ऊर्जा

२९०० × ९.८ × ३० = सुमारे ८,५३,००० जूल, किंवा ८५३ किलोजूल.

ही किती झाली? एक टन वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १३९ किलोजूल असते. म्हणजे अशा सहा मोटारी एकदम अंगावर याव्यात तसा हा एक दगड! तो उतारावर घसरत, उड्या मारत आला तर घर्षणात आणि आपटण्यात काही ऊर्जा खर्च होते. पण ती किती होईल याचा भरवसा नसतो.

आता धोंड्याची बाजू एकऐवजी दोन मीटर करा. वस्तुमान दुप्पट नाही, आठपट झाले आणि ऊर्जाही आठपट, ६८०० किलोजूलच्या वर! एवढा धोंडा जाळीने अडवण्याचा विचारच सोडावा. तो जागच्या जागी पोलादी सळ्यांनी खडकाला जखडावा, नाहीतर वाहतूक थांबवून आधीच फोडून काढावा. रेल्वेची माणसे बोरघाटात दर पावसाळ्यापूर्वी कडे तपासून सैल दगड पाडतात ते याच हिशेबाने.

जाळी काय करते?

क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे का नेता? थांबण्याचे अंतर वाढावे म्हणून. ऊर्जा तेवढीच असते, पण बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, म्हणून अंतर वाढले की बल कमी होते. आपला ८५३ किलोजूलचा दगड एखाद्या भिंतीने ५ सेंटिमीटरमध्ये थांबवायचा म्हटले तर सरासरी बल १७,००० किलोन्यूटनच्या आसपास जाईल. भिंतच फुटेल. तोच दगड ५ मीटर ताणल्या जाणाऱ्या कुंपणाने थांबवला तर बल फक्त १७० किलोन्यूटन, शंभरावा हिस्सा! म्हणून दगड अडवणारे चांगले कुंपण ताठ नसते. त्याच्या पोलादी दोरांवर असे भाग बसवलेले असतात की ओढ बसताच ते घसरतात किंवा चेपतात आणि दगडाची ऊर्जा पिऊन टाकतात.

घाटात तुम्हांला दोन प्रकार दिसतील. कड्यावरून पडद्यासारखी सोडलेली तारेची जाळी लहान दगडांना उडू देत नाही, अंगाला धरून सावकाश खाली आणते. उतारावर खांब रोवून उभारलेले कुंपण मोठ्या दगडाला वाटेतच झेलते. पडद्याचे काम वेगळे आणि कुंपणाचे वेगळे.

कुंपण किती ऊर्जा झेलते हे कारखानदाराच्या शब्दावर सोडत नाहीत. युरोपात ठरलेल्या पद्धतीनुसार खरे कुंपण उभारून त्यावर किमान सेकंदाला २५ मीटर वेगाने ठोकळा टाकतात. मग त्याला १००, २५०, ५००, १०००, १५००, २०००, ३०००, ४५०० किलोजूल अशी प्रत मिळते. (२५ मीटर वेग यायला किती उंचीवरून पडावे लागेल? सुमारे ३२ मीटर. तुम्हीच पडताळून पाहा.)

सरकार जाळी कशी घेते?

सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा रस्ते विकास महामंडळ स्वतः जाळ्या लावत नाही, ते काम कंत्राटाने देते. आधी जागेची पाहणी होते. मग प्रत्येक बाबीचे परिमाण आणि दरसूचीतला दर यांचा गुणाकार करून अंदाजपत्रक बनते. त्याला प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता मिळाली की निविदा निघते. कंत्राटदार बयाणा रक्कम भरून आपला देकार देतात. आधी त्यांची पात्रता तपासतात, नंतर किमती उघडतात आणि पात्र कंत्राटदारांत ज्याचा देकार सर्वांत कमी त्याला साधारणपणे काम मिळते.

पद्धत चांगली आहे. जनतेचा पैसा वाचतो, वशिल्याला आळा बसतो. पण तिच्यात एक मेख आहे. समजा, निविदेत एवढेच लिहिले की ‘डोंगराला १०,००० चौरस मीटर जाळी लावणे’. सर्वांत कमी देकार देणारा येईल, दहा हजार चौरस मीटर मोजून देईल आणि नियमाप्रमाणे त्याचे काही चुकलेले नसेल. पण दगड चौरस मीटर पाहत नाही, तो जूल घेऊन येतो! विहिरीवरचा दोर घेताना आपण लांबी विचारावी आणि किती वजन पेलतो हे विचारूच नये, तसे हे झाले.

म्हणून खरी निविदा दगडापासून सुरू व्हायला हवी. कड्यावर सुटू शकणारा मोठ्यात मोठा धोंडा केवढा? तो किती उंचीवरून येईल? कुंपण किती किलोजूलचे हवे आणि त्याच्या चाचणीचा दाखला कोठे आहे? सळ्या किती लांब? पाण्याची भोके किती? तारेवर जस्ताचा थर किती जाड? हे सर्व लिहिले, म्हणजेच सर्व कंत्राटदार एकाच वस्तूची किंमत सांगतील आणि सर्वांत कमी किमतीला अर्थ येईल.

डोंगराच्या कामात आणखी एक अडचण अशी की खडकाचे पोट अंदाजपत्रकात दिसत नाही. बोरघाटातल्या रेल्वेचे मूळ कंत्राटदार फेविएल यांनी १८५९ मध्ये काम अर्धवट सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. माणसे बदलली, पण कामाची जबाबदारी कोणीतरी शेवटपर्यंत घेतली म्हणूनच ते पुरे झाले.

आजच्या कंत्राटातही तेच महत्त्वाचे असते. खडकात गेलेली सळी नंतर दिसत नाही, म्हणून झाकण्यापूर्वीच तिची लांबी मोजमाप पुस्तिकेत नोंदवावी लागते. काही सळ्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकने ओढून पाहतात. पास्कलचा नियम येथे कामाला येतो. काम संपल्यावरही ठरावीक काळापर्यंत दोष निघाल्यास कंत्राटदाराने तो दुरुस्त करायचा असतो आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव सरकारकडे राहते.

जंगल आणि पावसाळा

माळशेजसारख्या घाटात डोंगर वनखात्याचा असतो. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. कोणाला वाटेल, माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना ही आडकाठी कशाला? पण झाडे लहान दगड अडवतात, त्यांची मुळे माती धरून ठेवतात. फोडलेला दगड खालच्या उतारावर ढकलून दिला तर तेथले जंगल मरते आणि दुसरी दरड तयार होते. म्हणून राडारोडा कोठे टाकायचा हेही कंत्राटातच लिहिलेले हवे.

शिवाय कड्यावर दोराला लटकून करायचे हे काम पावसात होत नाही. त्यासाठी पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंतचेच दिवस मिळतात. परवानगी आणि मान्यतेचे कागद उन्हाळ्यापर्यंत रेंगाळले तर जून यायला दोनच महिने उरतात आणि डोंगर कोणासाठी थांबत नाही.

करून पाहा

१. दोन मित्रांना एक जुनी चादर सैल, उभी धरायला सांगा. चादरीचा खालचा काठ खोळीसारखा वर वळवून धरावा. आता तिच्यावर कच्चे अंडे जोराने फेका. अंडे फुटत नाही. तेच अंडे भिंतीवर मारले तर? ऊर्जा तीच, अंतर वेगळे.

२. दीड मीटर बाजूचा धोंडा २० मीटर उंचीवरून पडला तर त्याची ऊर्जा किती? (उत्तर: सुमारे १९१८ किलोजूल.) तुम्ही अभियंता असाल तर २००० किलोजूलचे कुंपण मागवाल की ३००० चे? धोंडा अंदाजापेक्षा फक्त पाच सेंटिमीटर मोठा निघाला तर काय होईल ते गणित करून पाहा आणि मगच उत्तर द्या.

३. पुढच्या वेळी घाटातून जाताना जाळीच्या तळाशी पाहा. तेथे दगडांचा ढीग साठला असेल तर जाळीने आपले काम केले आहे. आता ती रिकामी करण्याचे काम कोणीतरी करायचे आहे, कारण भरलेली जाळी पुढच्या दगडाला थोपवू शकत नाही. ते काम कंत्राटात लिहिले आहे का? सरकारी निविदा जाहीर असतात आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कंत्राटाची कागदपत्रेही नागरिकाला मागता येतात. मोठे झालात की जरूर मागा, आणि वाचताना पहिल्यांदा जूल शोधा!