आधी हाड, मग मांस, शेवटी चरबी : कालवडीच्या वाढीचा हिशेब



ऊस विकास विभागाने जनावरांवर का लिहावे, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर सोपे आहे. लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही वस्त्यांवर येतो तेव्हा उसाचा प्लॉट दिसतो तसा शेजारचा गोठाही दिसतो. उसाचे बिल हंगामात मिळते, पण किराणा, शाळेची फी आणि दवाखाना दहा दिवसांच्या दुधाच्या पगारावर चालतो, हे आपण सर्वजण जाणतो. शिवाय गोठ्यात पडलेले वाढे आपल्याच उसाचे असते. ते कोणत्या जनावराला किती घालावे, हा प्रश्न मग आमच्याही विषयातला झाला.

आठ महिन्यांच्या उसाकडे पाहा. उंची भरपूर, पाने हिरवीगार, कांड्याही सुटलेल्या. पण रिफ्रॅक्टोमीटर लावला तर ब्रिक्स कमी. त्या वयात ऊस पाणी ओढतो, पाने आणि कांडी घडवतो. साखर साठवण्याचे काम तो नंतर करतो आणि थंडी पडू लागली, पाण्याचा ताण बसला की ते जोर धरते. म्हणून को ८६०३२ असो की दुसरी कोणती जात, पक्वता पाहिल्याशिवाय तोड देऊ नये असे आम्ही सांगत असतो. जनावराच्या अंगाचेही असेच आहे. वाढ म्हणजे नुसते वजन वाढणे नव्हे. वजन वाढते तसा अंगातला मालही बदलत जातो.

नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगात सुमारे ७० ते ७५ टक्के पाणी असते आणि चरबी जेमतेम ३-४ टक्के. तेच जनावर पूर्ण वाढून चांगले पोसले गेले की पाणी ५०-५५ टक्क्यांवर येते आणि चरबी २५ टक्क्यांच्या घरात किंवा त्याच्याही वर जाते. चरबी वगळून उरलेल्या अंगाचा हिशेब केला तर मात्र मोठ्या जनावरात पाण्याचे प्रमाण ७३ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. म्हणजे घट-वाढ मुख्यतः चरबीची, आणि चरबी आली की तेवढ्या प्रमाणात पाणी मागे हटते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट या जोडीने सबंध जनावरांच्या देहाचे पृथक्करण करून १८५९ साली हे आकडे मांडण्यास सुरुवात केली. पुढे केंब्रिजच्या जॉन हॅमंड यांनी १९३२ सालच्या आपल्या मेंढ्यांवरील ग्रंथात वाढीचा क्रम स्पष्ट केला. आधी मेंदू व मज्जा, मग हाड, त्यानंतर मांस आणि सगळ्यात शेवटी चरबी, असा तो क्रम आहे.

हा क्रम आपल्या डोळ्यांना दिसतो. जन्मलेले वासरू पाहा. डोके मोठे, पाय लांब, अंग मात्र आखूड आणि चपटे. पायांची पुष्कळशी लांबी ते आईच्या पोटातूनच घेऊन येते. पाठ, कंबर आणि पुठ्ठा हे भाग मागाहून भरतात. बाजारात जाणता माणूस आधी दात पाहतो आणि मग पुठ्ठ्यावर हात ठेवतो, त्यामागे हेच आहे. लोणीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेले असे शब्द आपण रोज वापरतो. दोन दाती म्हणजे साधारण दोन वर्षांचे आणि जुळलेले म्हणजे चार-साडेचार वर्षांचे. हाडांची वाढ तोपर्यंत जवळजवळ संपलेली असते.

आता मुद्द्यावर येऊ. अन्न कमी पडले तर अंगातले कोणते काम आधी थांबते? रक्तातून येणाऱ्या अन्नावर पहिला हक्क मेंदूचा, दुसरा हाडाचा, मग मांसाचा, शेवटचा चरबीचा. उपाशी वासरात चरबी आधी जाते, मग मांस झडते, हाड मात्र हळूहळू का होईना वाढत राहते. म्हणून तर ते डोक्याने मोठे, पोटाने नगारा आणि पाठीने धारेसारखे दिसते. ‘वासरू काटक आहे’ असे त्याच्याबद्दल कौतुकाने बोलले जाते. ते काटक नव्हे, ते भुकेले आहे.

थोड्या काळाची उपासमार जनावर भरून काढते. १९७२ च्या दुष्काळात किंवा अलीकडे २०१३ आणि २०१९ मध्ये छावणीला गेलेली जनावरे पाऊस पडल्यावर कशी झपाट्याने भरली, हे पुष्कळांना आठवत असेल. मोठ्या जनावराचा सांगाडा तयार असतो, त्यावर मांस-चरबी पुन्हा चढते. पण पहिल्या सहा महिन्यांत दीर्घकाळ मारा बसलेल्या कालवडीचा सांगाडाच बारीक राहतो. तिला पुढे कितीही सरकी पेंड घातली तरी अंगावर चरबी चढेल, चौकट रुंदावणार नाही. उसात फुटव्याच्या काळात पाणी-खत चुकले तर मोठ्या बांधणीनंतरच्या डोसाने फुटवे येत नाहीत, तसेच हे.

आणि नेमके याच वयात आपल्याकडे वासराला वाढे टाकले जाते. तोड सुरू झाली की वाढे मुबलक आणि स्वस्त, म्हणून लहान-मोठ्या साऱ्यांपुढे एकच पेंढी. वाढ्यात प्रथिने कमी असतात आणि ऑक्झॅलेट असते. हे ऑक्झॅलेट चाऱ्यातील कॅल्शियमला धरून बसते, मग ते कॅल्शियम अंगाला लागत नाही. मोठ्या गाईच्या कोटीपोटातील जंतू ऑक्झॅलेटचा काही भाग फोडून टाकतात. वासराचे कोटीपोट तेवढे तयारच नसते. जन्मताना त्याच्या पोटाचा निम्म्याहून अधिक भाग दूध पचवणाऱ्या चौथ्या पोटाचा असतो. मोठ्या गाईत हे उलटते आणि एकटे कोटीपोट चार पंचमांश जागा व्यापते. हा बदल घडवून आणते ती पहिल्या पंधरवड्यापासून चाटवलेली भरडधान्याची आंबोण. नुसत्या दुधाने तो होत नाही. तेव्हा हाड घडण्याच्या वयात कॅल्शियम अडवणारा चारा, तोही तो पचवण्याची ताकद नसलेल्या पोटात, असा हा दुहेरी तोटा आहे. वाढे मोठ्या गाईंना आणि बैलांना घाला, पण त्यांनाही ते एकटे नको. सोबत घास आणि रोजचे क्षारमिश्रण हवेच. सहा महिन्यांखालील वासरांपुढे वाढे टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांना कोवळा घास, थोडे चांगले वाळलेले वैरण आणि आंबोण पुरते.

त्याआधीचा एक दिवस सर्वांत मोलाचा. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारे घटक जवळजवळ नसतात, ते चिकातून येतात. आतड्यातून ते रक्तात शिरण्याची वाट चोवीस तासांत बंद होते आणि पहिल्या काही तासांतच अरुंद होऊ लागते. वार पडेपर्यंत चीक पाजू नये ही समजूत अजून काही घरांत आहे. ती कुणी आजीने सांगितली असली तरी सोडून द्यावी. २८ किलोच्या वासराला पहिल्या दिवसात सुमारे तीन लिटर चीक मिळाला पाहिजे, त्यातला निम्मा पहिल्या तास-दोन तासांत.

आता पैशाचा हिशेब. संकरित होल्स्टिन कालवड साधारण २५० किलोची झाली की भरवण्यायोग्य होते. ती आपल्या पूर्ण वजनाच्या ५५ ते ६० टक्क्यांवर आलेली असते. माजावर ती येते वयापेक्षा वजनाने. २८ किलोपासून २५० पर्यंत २२२ किलो वाढायचे आहे. रोज ४५० ग्रॅम वाढली तर ४९३ दिवस, म्हणजे साडेसोळा महिने. गाभणकाळ धरून ती सव्वादोन वर्षांच्या आत विते. रोज २५० ग्रॅमच वाढली तर ८८८ दिवस लागतात आणि विण्यास सव्वातीन वर्षे उजाडतात. फरक ३९५ दिवसांचा. रोजचा चारा-खुराक शंभर रुपयांचा धरला तरी चाळीस हजाराच्या आसपास रक्कम एकेका कालवडीमागे दुधाचा थेंबही न देता खर्ची पडते. हे पैसे कोणत्याही वहीत लिहिले जात नाहीत, म्हणून टोचत नाहीत. गीर आणि अकोल्याकडची डांगी जातीनेच उशिरा पक्व होतात, त्यांना हा तक्ता लावू नये. जर्सी लवकर येते, पण तिचे पूर्ण वजनच कमी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले त्रिवेणीत होल्स्टिन, जर्सी आणि गीर अशी तिन्ही रक्ते आहेत. म्हणजे वजनाचे लक्ष्य जातीप्रमाणे ठरवायचे असते.

उलट टोकाला जाणारे सभासदही आहेत. कालवड चकचकीत दिसावी म्हणून पेंड आणि मक्याचा भरडा सढळ हाताने. तिसऱ्या महिन्यापासून माजावर येईपर्यंत कासेची वाढ अंगाच्या वाढीपेक्षा कितीतरी वेगाने होत असते. या काळात अति खुराक झाला तर कासेत दूध तयार करणाऱ्या पेशींऐवजी चरबी अधिक बसते. १९८० च्या सुमारास अमेरिका आणि डेन्मार्कमध्ये झालेल्या प्रयोगांतून हे पुढे आले. कास मोठी दिसते, पण धार कमी. शिवाय चरबी हा महाग माल आहे. एक किलो मांसात पाऊण किलो पाणी असते, चरबीत पाणी फार थोडे, आणि वजनाला वजन धरले तर चरबीत प्रथिनांच्या दीडपटीहून अधिक ऊर्जा अडकते. म्हणून लहान वयात थोड्या खुराकात किलो चढतो आणि मोठेपणी तोच किलो चढवायला पाटी भरून खुराक लागतो. ज्यांच्याकडे संगमनेरी शेळ्या आहेत त्यांनी बोकड जुळेपर्यंत सांभाळू नये, त्याचे कारणही हेच. शेळीत तर ही चरबी कातडीखाली कमी आणि आतड्या-गुर्द्याभोवती जास्त साठते, वरून हाताला लागतही नाही.

वजन कसे कळावे? काटा लागत नाही. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलो आले. घेर ६० आणि लांबी ४८ असेल तर उत्तर २६२ किलो. दर महिन्याला एकाच दिवशी, सकाळी चारा-पाण्याआधी मोजून गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिले तरी चालेल. दहा-पंधरा किलोचा फरक पडतो, पण वाढ थांबली आहे की चालू आहे ते लगेच कळते. वाढ थांबली तर आधी जंताचे औषध झाले का ते पाहावे, मग खुराक वाढवावा.

एक गोष्ट राहिली. पहिलारू गाय व्याली म्हणजे ती पुरी वाढली असे समजून तिला म्हाताऱ्या गाईंच्या दावणीला बांधतात. ती त्या वेळी पूर्ण वजनाच्या ८०-८५ टक्क्यांवरच असते आणि तिचे दातही जुळलेले नसतात. जुनी गाय व्याल्यावर अंगातली चरबी झिजवून दूध देते. पहिलारूकडे तशी साठवण थोडी, आणि तिला स्वतःची हाडे-मांसही अजून घडवायची असतात. दावणीत जुन्या गाई तिला ढोसून बाजूला सारतात ते वेगळेच. तिला पहिल्या दोन वेतांत स्वतंत्र बांधावे आणि दुधाप्रमाणे खुराक देऊन वर तिच्या वाढीसाठी रोज किलोभर जास्त घालावा.