तान्ह्यांचा कान आणि बोलका पडदा

मूल बोलू कसे लागते या प्रश्नाचा छंद मला जडला तो पुष्कळ वर्षांपूर्वी, रांगत्या मुलाच्या हाती मोबाइल देण्याची चाल अजून पडलेली नव्हती अशा काळात. त्यामुळे आज या उपकरणांच्या बऱ्यावाईट परिणामांविषयी जो तो हिरिरीने बोलू लागला असता माझे लक्ष डोळ्यांकडे अथवा वागणुकीकडे जाण्याऐवजी प्रथम कानाकडे जाते, आणि त्या कानाची हकीकत सांगितल्यावाचून पडद्याविषयी काही म्हणणे मला अपुरे वाटते.

या हकीकतीचा धागा आपल्याच वर्णमालेतून जातो. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात इंग्रजीभाषक घरांतील तान्ह्यांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकवल्याची नोंद आहे. इंग्रजीवर वाढलेल्या प्रौढाच्या कानाला हे दोन वर्ण सहसा एकच वाटतात. तान्ह्यांना ते कसे वाटतात, हे त्यांना विचारावे तर त्यांना वाचा नाही. म्हणून योजलेली युक्ती मोठी सुंदर आहे. बाळ आईच्या मांडीवर बसते, समोरची सहायिका हातातल्या खेळण्याने त्याला रमवते, आणि एका बाजूच्या ध्वनिक्षेपकातून एकच अक्षर संथपणे येत राहते. ते अक्षर बदलले की त्या बाजूच्या काळसर पेटीत दिवा लागतो आणि आतले यांत्रिक खेळणे हालू लागते. ज्याला बदल ऐकू येतो ते बाळ थोड्याच वेळात हा संकेत ओळखते, आणि पुढे पेटी उजळण्याच्या आधीच, अक्षर पालटताक्षणी, मान वळवून तिच्याकडे पाहू लागते. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे ‘त’चा ‘ट’ होताच वळत. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तसे वळणारी फार थोडी उरली होती. अवघ्या चार महिन्यांत कान आपल्या घरच्या भाषेचा झाला होता, आणि घरात ज्याला काम नाही असा भेद त्याने बाजूस ठेवला होता.

मराठी घरातल्या बाळाने याच अवधीत केवढा पसारा आवरलेला असतो याचा विचार करावा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च लिपीत एकच असला तरी जिभेवर दोन आहेत. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांतील अंतर जे दाखवता दाखवता परप्रांतीय मित्रांपुढे आपण हात टेकतो, ते या भाषेत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच उमटू लागते. उच्चार पुढे कित्येक वर्षे बोबडा राहील, ‘ळ’च्या जागी ‘ल’ येत राहील. परंतु कानाच्या दप्तरात नोंद झालेली असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही नोंद नुसत्या ध्वनीने होते, की ध्वनी करणारे माणूस समोर असावे लागते? अमेरिकेतील सिॲटल येथे, वॉशिंग्टन विद्यापीठात, पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली याचे उत्तर ज्या प्रयोगाने दिले, तो मला या सबंध विषयातील सर्वांत मोलाचा वाटतो. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांची बाळे त्यांनी घेतली, आणि चिनी मातृभाषा असलेल्या व्यक्तींनी त्यांच्याशी चार आठवड्यांत बारा वेळा, दर खेपेस पंचवीस मिनिटे, म्हणजे एकूण पाच तास, पुस्तके वाचून दाखवीत आणि खेळणी हाताळीत चिनी भाषेत गप्पा केल्या. नंतर मान वळवण्याच्या त्याच रीतीने चिनीतील दोन ध्वनींची परीक्षा घेतली. आपल्या कानाला ते ‘छी’ आणि ‘शी’ यांच्या जवळपासचे वाटतील, पण इंग्रजीत त्या रूपाने ते नाहीत. पाच तासांच्या सहवासाने ही बाळे तैवानात जन्मापासून चिनी ऐकत आलेल्या बाळांच्या बरोबरीला आली. मग दुसऱ्या बाळांना त्याच व्यक्ती, तीच पुस्तके, तीच खेळणी आणि तितकाच वेळ दिला; फरक एवढाच की, या वेळी सारे चित्रफितीतून दाखवले, आणि आणखी काही बाळांना तर नुसता आवाजच ऐकवला. या बाळांना काहीही आले नाही. चिनीचा शब्दही न ऐकलेल्या बाळांहून ती तिळभरही पुढे नव्हती.

हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हा फार वेळ त्याच पानावर थांबले. बाळे चित्रफितीकडे दुर्लक्ष करीत होती असेही नव्हे. पडद्याने त्यांना धरून ठेवले होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती शिकत आहेत असेच वाटले असते. उणीव होती ती दुसरीकडे. समोरचे माणूस बाळाची नजर जिथे जाईल तिथल्या वस्तूचे नाव घेते, बाळ दचकले तर थांबते, हसले तर तोच शब्द पुन्हा म्हणते. चित्रफितीतले माणूस बाळ झोपले तरी बोलतच राहते. याच कूल यांनी १९९७ साली अमेरिका, रशिया आणि स्वीडन येथील मातांची बोली मोजून असे दाखवले होते की, तान्ह्याशी बोलताना तिन्ही देशांतल्या आया स्वर लांबवून अधिक स्पष्ट करतात. आपल्या आज्या ज्या सुरात बाळाशी बोलतात, आणि ज्याला पुष्कळ शिकलेली माणसे लाडिकपणा म्हणून नाके मुरडतात, तो सूर भाषेची पहिली शिकवणी आहे, असे माझे ठाम मत आहे.

या ज्ञानाला व्यापाराने दिलेली बगलही पाहण्यासारखी आहे. ज्युली ऐग्नर-क्लार्क या माजी शिक्षिकेने ‘बेबी आइन्स्टाइन’ नावाच्या चित्रफिती नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात काढल्या. २००१ साली डिस्ने कंपनीने तो धंदा विकत घेतला, आणि बाळाला बुद्धिमान करण्याच्या आशेने लाखो आईबापांनी त्या घरी आणल्या. २००७ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ ते सोळा महिन्यांच्या बाळांची पाहणी प्रसिद्ध केली; रोज तासभर अशा फिती पाहण्यामागे बाळाला कळणाऱ्या शब्दांत सहा ते आठ शब्दांची तूट तिच्यात आढळली. ही पाहणी कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही, आणि तिच्या निष्कर्षांवर पुढे विद्वानांत वादही झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मला अधिक पटतो तो ज्यूडी डीलोच यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग: एक ते दीड वर्षाच्या मुलांना महिनाभर शब्द शिकवणारी चित्रफीत दाखवली, आणि ती न पाहिलेल्या मुलांहून त्यांना एकही शब्द अधिक आला नाही; ज्यांच्या आईबापांना तेच शब्द फितीवाचून, रोजच्या व्यवहारात, शिकवायला सांगितले होते ती मुले सर्वांत पुढे गेली. ज्या पालकांना फीत आवडली होती त्यांचा मात्र आपल्या मुलाने पुष्कळ शिकल्याचा भक्कम समज झाला होता. डिस्नेने २००९ साली ग्राहकांना पैसे परत करण्याची तजवीज केली.

बाकीच्या परिणामांची यादी वर्तमानपत्रांतून नित्य येते, म्हणून ती येथे थोडक्यात उरकते. उजेडात कमी आणि जवळच्या पडद्यावर अधिक राहिलेल्या मुलांत लघुदृष्टीचा धोका वाढतो. रात्रीचा पडद्याचा प्रकाश झोप येणे लांबवतो. बसून राहण्याने वजन वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एका वर्षाच्या आतील बालकांना पडदा वर्ज्य, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभराहून अधिक नको, असा दंडक घातला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांपर्यंत जवळजवळ संपूर्ण मनाईच सुचवली आहे. हे दंडक योग्य आहेत; परंतु मिनिटांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या घरातही मुलाच्या बोलण्याला उत्तर देणारे कोणी नसेल, तर त्या हिशेबाने काय साधले?

पुण्यातील एका परिचित घरी मी जेवायला गेले असता दीड वर्षाच्या मुलीला वरणभात भरवणे चालले होते. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केला होता, त्यात रंगीत बस फिरत होती, आणि आईचा हात जवळ येताच मुलीचे तोंड आपोआप उघडत होते; घासाकडे अथवा आईकडे तिची नजर एकदाही वळली नाही. ती आई दिवसभर नोकरी करून आलेली, थकलेली होती, आणि तिला दोष देण्याचा माझा मुळीच इरादा नाही. पण चिऊचा घास, काऊचा घास करीत भरवण्याच्या आपल्या जुन्या रीतीत केवढा जाबजबाब असे! मूल मान फिरवी, आई थांबे. ते खिडकीकडे बोट करी, आई तिथला काऊ दाखवी. एका वाटीभर भातात शंभर वेळा बोलणे आणि उत्तर होत असे. वेळ लागे, हे खरे. पण त्या लांबलेल्या वेळातच मुलाचे बोलणे फुटत असे.

आणि पडदा मुलाच्या हाती असतो तितकाच तो आपल्याही हाती असतो. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या सत्तरीच्या दशकातील प्रसिद्ध प्रयोगात आई बाळाशी खेळता खेळता एकाएकी चेहरा निर्विकार करून बसते. बाळ हसून पाहते, नाना खटपटी करते, आणि कशालाच उत्तर येत नाही असे पाहून तोंड फिरवते. थोड्याच मिनिटांत हे सारे होते. मोबाइलमध्ये मान घातलेल्या मोठ्या माणसाचा चेहरा दिवसातून किती वेळा असा होतो, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. घरात कोणी पाहो न पाहो, टीव्ही नुसता चालू असला तरी तोटा होतो: २००९ सालच्या एका अमेरिकी पाहणीत ध्वनिमुद्रक अंगावर बाळगलेल्या लहानग्यांच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द टीव्हीच्या प्रत्येक तासामागे सुमारे ७७० ने घटलेले आढळले.

येथे ताराबाई मोडकांची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. गिजुभाई बधेकांसह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साहाय्याने, जे बालशिक्षण केले त्याचे साहित्य म्हणजे खडे, शंख, बिया आणि पाने. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांची अंगणवाडी निघाली. बियांची रास मोजणाऱ्या मुलाला शेजारचे मूल दटावते, बाई विचारतात, तो रागावून पुन्हा मोजतो. त्या साहित्यात स्वतःहून हलणारे काहीच नसल्यामुळे सारी हालचाल आणि सारे बोलणे मुलांनाच करावे लागे.

सरसकट बंदीच्या मी बाजूची नाही; ठरावीक वेळेपुरता आपखुशीचा संयम मात्र मला मान्य आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद राहतात. गावाने आपण होऊन केलेल्या या ठरावाचे मोल मला एवढ्यासाठी वाटते की, तो लहानांबरोबर थोरांनाही लागू आहे. उलट, दूरदेशी असलेल्या नातवंडांशी मोबाइलवर समोरासमोर बोलणाऱ्या आजीआजोबांना कोणीही अटकाव करू नये. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुले समोरच्या माणसाकडून नवी क्रियापदे जितकी शिकली तितकीच ती अशा चालत्या संभाषणातूनही शिकली. आधी चित्रित केलेल्या फितीतून मात्र नाही. न्यू जर्सीतल्या नातीने हातातली बाहुली पडद्यापाशी आणली की आजीने “काय गं, हिचे नाव काय?” असे विचारून उत्तराची वाट पाहावी, नातीच्या बोलण्यावर आपले बोलणे बेतलेले असले म्हणजे काच आड येत नाही.

कूल यांच्याच प्रयोगशाळेतून २०१८ साली आणखी एक निष्कर्ष आला. चिनी बोलणाऱ्या व्यक्तीच्या चित्रफिती नऊ महिन्यांच्या बाळांपुढे ठेवल्या, आणि पडद्याला हात लावून त्या सुरू करण्याची मुभा बाळांनाच दिली. काही बाळे एकेकटी होती, काही जोडीने. जोडीने बसलेल्या बाळांच्या मेंदूत चिनीतील ध्वनिभेद ओळखल्याच्या खुणा मिळाल्या, एकट्यांच्या मेंदूत त्या मिळाल्या नाहीत. शिवाय ज्या बाळांना खेपेगणिक नवनवे सोबती लाभले त्यांची प्रगती अधिक दिसली. अंगणवाड्यांतून टॅब वाटण्याच्या योजना आखणाऱ्यांनी, एका मुलामागे एक उपकरण असा हिशेब मांडण्यापूर्वी, हा निबंध अवश्य मागवून वाचावा.