पुरावा कुणी द्यायचा? विषारी रसायनं, माजी सैनिक आणि 'गृहीत धरणं'

मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणसंबंधाची चर्चा केली. धूर आणि अग्नी हे नेहमीचं उदाहरण घेतलं. आज तोच प्रश्न अशा ठिकाणी नेऊन बघू, जिथे उत्तरावर माणसांचं औषधपाणी आणि त्यांच्या मागे राहिलेल्या विधवांचा निर्वाहभत्ता अवलंबून असतो. ठिकाण अमेरिका, आणि माणसं व्हिएतनाम युद्धातून परतलेली.

हकिकत थोडक्यात अशी. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशकं फवारली. झाडांची पानं गळावीत, शत्रूला आडोसा राहू नये, हा हेतू. पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून त्यातल्या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या मिश्रणाला 'एजंट ऑरेंज' हे नाव पडलं. ते तयार होतानाच त्यात डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य उतरत असे. डायॉक्सिन शरीरातल्या चरबीत साठतं आणि त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ७ ते ११ वर्षं लागतात.

आता समजा, एक सैनिक घरी परतला. पंचवीस वर्षांनी त्याला प्रोस्टेटचा कर्करोग झाला. तो म्हणतो, फवारणीमुळे झाला. खातं विचारतं, कशावरून? युद्धावर न गेलेल्या त्याच्या शेजाऱ्यालाही हाच आजार आहे. बरं, कर्करोगाच्या गाठीवर कारणाचा शिक्का मारलेला नसतो. रक्त तपासावं तर इतक्या वर्षांत डायॉक्सिन बरंचसं उतरलेलं. कोणत्या दिवशी कोणत्या तुकडीवर किती फवारा पडला, याच्या नोंदी अपुऱ्या. आणि ज्या आहेत त्या सैनिकाकडे नव्हे, सरकारकडे.

इथे दोन विधानं नीट वेगळी करायला हवीत. 'या रसायनाशी संपर्क आलेल्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो' हे समूहाविषयीचं विधान झालं. 'या माणसाचा आजार या रसायनामुळे झाला' हे व्यक्तीविषयीचं. पहिलं खरं असलं तरी त्यातून दुसरं निघत नाही. आपले नैयायिक व्याप्तीसाठी नियत साहचर्य मागतात, म्हणजे अपवाद नको. धूर आहे तिथे अग्नी असतोच. पण इथे फवारा अंगावर पडलेले कित्येक जण ठणठणीत राहिले, आणि न पडलेले आजारी पडले. म्हणजे काटेकोर अनुमानाने जायचं म्हटलं तर एकाही सैनिकाला काही सिद्ध करता येणार नाही.

हा निव्वळ वर्गातला पेच नाही. व्हिएतनाममधल्या अमेरिकी नौदलाचे सेनापती अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी नदीकाठची झाडी नष्ट करण्यासाठी फवारणीचा आदेश दिला होता. त्याच नद्यांवर त्यांचा मुलगा गस्ती नौकेचा अधिकारी होता. त्याला पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला आणि १९८८ साली, वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी तो गेला. मुलगा वकील होता. त्याची भूमिका विलक्षण प्रामाणिक होती: आपल्या आजारांचं कारण एजंट ऑरेंज आहे, हे न्यायालयात सिद्ध करता येईल असं मला वाटत नाही, पण माझी खात्री तीच आहे. आणि वडील काय म्हणत? त्या आदेशाने त्या वेळी अनेक सैनिकांचे जीव वाचले, म्हणून परिणाम ठाऊक असते तरी तो दिला असता. या बापलेकांत वैर नव्हतं, हेही सांगायला हवं. दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं.

न्यायालयांत व्हायचं तेच झालं. लष्करी सेवेतून झालेल्या इजेबद्दल सैनिकाला स्वतःच्या सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, असा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९५०चा निर्णय आहे. म्हणून सैनिक रसायन कंपन्यांवर गेले. १९८४ साली १८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. जे तडजोडीबाहेर राहिले, त्यांचे दावे वैयक्तिक कारणसंबंधाचा पुरावा नाही म्हणून फेटाळले गेले.

मग १९९१ साली अमेरिकी संसदेने एजंट ऑरेंज कायदा केला, आणि आपल्या दृष्टीने खरी गंमत इथे आहे. कायद्याने विज्ञान अकादमीला सांगितलं, वेळोवेळी सगळं संशोधन तपासा आणि आजार व संपर्क यांत साहचर्य दिसतं का, एवढंच सांगा. कारणसंबंध नको, साहचर्य पुरे. बाजूचा विश्वासार्ह पुरावा विरुद्ध पुराव्याच्या बरोबरीचा असला तरी चालेल. असा आजार यादीत आला, की सैनिकाने फक्त दोन गोष्टी दाखवायच्या: मी तिथे होतो, आणि मला हा आजार आहे. मधला दुवा कायदा गृहीत धरतो.

लक्षात घ्या, हे गृहीत धरणं म्हणजे ज्ञानाचा दावा नाही. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, तो निर्दोष आहे हे आपल्याला कळलेलं असतं म्हणून नव्हे. चूक व्हायचीच असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी, हे आपण आधी ठरवलेलं असतं म्हणून. इथेही तसंच. टाइप २ मधुमेह यादीत आहे, २०२२पासून उच्च रक्तदाबही आहे. यातल्या कित्येकांना हे आजार वयाने, खाण्यापिण्याने झालेले असणार. आक्षेप बरोबर आहे, पण आमच्या मते तो निर्णायक नाही. अज्ञानाची किंमत कुणीतरी मोजणारच. ज्याने फवारलं आणि ज्याच्याकडे कागद आहेत, त्याने ती मोजावी.

पण मग सीमा कुठे आखायची? खात्याने काही काळ नियम लावला की प्रत्यक्ष व्हिएतनामच्या जमिनीवर पाय ठेवलेला हवा. किनाऱ्याजवळच्या जहाजांवरचे नौसैनिक बाहेर राहिले. २०१९ साली आधी न्यायालयाने आणि मग संसदेने त्यांना आत घेतलं. १० ऑगस्ट २०२२च्या 'पॅक्ट' कायद्याने इराक-अफगाणिस्तानातल्या सैनिकांनाही हेच तत्त्व लावलं. तिथे तळांवरचा कचरा, प्लास्टिक, रंग, दवाखान्यातला कचरा, उघड्या खड्ड्यांत विमानाचं इंधन ओतून जाळत असत, आणि धूर बराकींवर येई. इराकमध्ये सेवा केलेले आणि २०२०मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले सार्जंट हीथ रॉबिन्सन यांचं नाव या कायद्याला दिलं आहे.

आता ज्यांच्या शेतांवर हे पडलं, त्यांचं बघा. व्हिएतनामी पीडितांनी २००४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. तणनाशकं त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार निषिद्ध विष ठरत नव्हती, असं सांगून तो २००५मध्ये फेटाळला गेला आणि अपिलातही टिकला नाही. रसायन तेच, शरीरं माणसांचीच. अमेरिकी सैनिकाच्या मुलाला जन्मतः पाठीच्या कण्याचा विशिष्ट दोष, स्पायना बायफिडा, असेल तर १९९६चा कायदा भत्ता देतो. व्हिएतनामी मुलासाठी असं गृहीतक नाही. म्हणजे हे गृहीत धरणं रसायनाच्या गुणधर्मावर उभं नाही. ते राज्य आणि त्याचा सैनिक यांच्या नात्यावर उभं आहे. पुरावा दोघांचा सारखाच अपुरा.

अमेरिकेने पुढे दा नांग विमानतळावरची दूषित माती साफ करण्याचं काम केलं, ते २०१८मध्ये पूर्ण झालं. मग बिएन होआचं काम सुरू झालं. फवारणी झालेल्या भागांतल्या अपंगांसाठीही ती पैसे देत आली. त्या मदतीच्या कागदांत मात्र एक शब्दप्रयोग असतो: 'कारण कोणतंही असो'. सैनिकाच्या बाबतीत कारण गृहीत धरलं, शेतकऱ्याच्या बाबतीत ते विचारायचंच नाही असं ठरवलं. पैसे दोन्हीकडे जातात, पण दुसरीकडे जातात ते दान म्हणून. भरपाई आणि दान यांतला फरक आपण पुढच्या वेळी घेऊ.