गावात पळते, समृद्धीवर दम तोडते

इथेनॉल मिसळलेल्या ई-20 पेट्रोलविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली, तरी गॅरेजांतला वाद काही मिटलेला नाही. गाडीने पिकअप सोडला, की मालक इथेनॉलला दोष देतो आणि मिस्त्रीही मान डोलावतो. गाडीची ताकद मधूनच जात असेल, तर हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो.

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. ॲव्हरेज घटणारच. एप्रिल 2023 पूर्वीच्या गाड्यांना साध्या पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. पण ही घट रोजची आणि सारखी असते. तासभर झकास धावून अचानक लंगडणारी आणि दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा पळणारी गाडी वेगळेच सांगत असते: इंजिनाला पेट्रोल पुरत नाही.

आमच्याकडच्या आसेगाव ते मंगरुळपीर या रस्त्यावर हा दोष सहज लपतो. ताशी 40 ने लिटरमागे 16 किलोमीटर देणारी गाडी तासाला अडीच लिटर पेट्रोल पिते. तीच गाडी शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढली आणि ताशी 120 ने निघाली, की ॲव्हरेज 12 धरले तरी तासाला दहा लिटर लागतात. मागणी चौपट. अर्धवट चोंदलेला फिल्टर किंवा थकलेला पंप अडीच लिटर निभावून नेतो, दहा लिटरला हात टेकतो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाल्यापासून आपल्या भागातल्या गाड्यांना तासन्‌तास एकाच वेगाने पळायची सवय लागली. देखभालीची सवय मात्र गावातल्या फेऱ्यांचीच राहिली.

माझा सगळा आग्रह एका साध्या वस्तूसाठी आहे: फ्युएल प्रेशर गेज. गाडी उभी असताना गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे’ म्हणणे निरर्थक; रिकाम्या इंजिनाला लागते ते कितीसे? लांब नळीचे गेज बाहेरच्या बाजूने काचेवर चिकटवायचे (केबिनमध्ये पेट्रोलची नळी कधीच आणू नये) आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी भाराखाली पळवायची. काटा पाहायला शेजारी दुसरा माणूस हवा. साध्या पोर्ट-इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत तीन ते चार बार दाब असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. गाडी दम तोडत असताना काटा खाली आला, तर दोष पुरवठ्यात. काटा जागचा हलला नाही, तर पंपाला हात लावू नका. कॉइल, प्लग, थ्रॉटल बघा. एवढ्या तपासणीअभावी लोकांचे चांगले पंप भंगारात जातात, याची चीड येते.

काटा पडला तरी लगेच पंप बदलायचा नसतो. आधी टाकीचे झाकण उघडून बघा. हवा जोरात आत ओढली गेली आणि गाडी सुधारली, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद आहे. मग पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. तिथे दहाच व्होल्ट मिळत असतील, तर रिले, वायर किंवा अर्थिंग दोषी. टाकीतल्या पंपाच्या तोंडाची जाळीही पाहावी: गाळ तिला चिकटतो, गाडी थांबली की खाली बसतो, म्हणून थोड्या विश्रांतीने गाडी ‘बरी’ होते. पंप पेट्रोलनेच थंड राहतो. शंभर-दोनशे रुपयांच्या पेट्रोलवर सतत फिरणाऱ्यांचे पंप तापतात आणि लवकर जातात.

इंधनाचा पुरवठा आधी तपासावा, हे ट्रॅक्टरवाल्यांना शिकवावे लागत नाही. डिझेलने हवा धरली, की फिल्टरचा स्क्रू ढिला करून, हातपंप मारून एअर काढणारे हात आपल्याकडे घरोघरी आहेत.

इथेनॉलचा खरा संशय येतो तो पाण्यापाशी. ते पाणी ओढते. पाणी प्रमाणाबाहेर गेले, की इथेनॉलसह तळाला वेगळा थर बनून बसते, आणि पंप तळातूनच ओढतो. जुन्या टाकीतला मळही इथेनॉल सोडवते. पाणी इथेनॉलशिवायही घात करते: रतलामजवळ जून 2025 मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या डिझेलमधल्या पाण्याने बंद पडल्या आणि ते डिझेल विकणारा पेट्रोल पंप सील झाला. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी अडखळू लागली, तर टाकीतला नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली थर दिसला, तर गाडी पुढे चालवू नका. बाटली आणि पावती दोन्ही जपून ठेवा आणि पंपावरच्या तक्रारवहीत त्याच दिवशी नोंद करा.