रुग्णाबरोबर काय पाठवावे?

सेनगाव तालुक्यातल्या एका शेतात रात्री हळदीला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला घोणस चावली, असे समजा. घरचे त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणतात. तेथील डॉक्टर प्रतिविष, म्हणजे गावात जिला ‘सापाची लस’ म्हणतात ती देऊन त्याला हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. प्रकृती आणखी बिघडली, तर पुढे नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय. एका रात्रीत तीन डॉक्टर! मध्येच पाळी बदलली तर चार. रुग्ण गाडीतून गेला. पण पहिल्या डॉक्टरांना जे ठाऊक होते, ते कशातून गेले?

हा प्रश्न किती मोलाचा आहे हे कळण्यासाठी घोणसीचे विष काय करते ते पाहू. जखम झाली की रक्त गोठते, ते रक्तातील काही प्रथिनांमुळे. विष या प्रथिनांना नको तेथे आणि नको तेव्हा कामाला लावते, त्यामुळे त्यांचा साठाच संपतो. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. याची तपासणी अगदी सोपी आहे. काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत 2 मिलिलिटर रक्त घ्यायचे, ते 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नंतर नळी कलती करायची. रक्त पातळच राहिले, तर विषाने आपले काम केले आहे. यंत्र नको, वीज नको. घड्याळ तेवढे हवे.

प्रतिविष रक्तातले विष निकामी करते, पण संपलेली प्रथिने परत देत नाही. ती यकृताला नव्याने तयार करावी लागतात आणि त्याला सुमारे 6 तास लागतात. म्हणून प्रतिविष दिल्यावर 6 तासांनी पुन्हा तपासणी करतात. तेव्हाही रक्त गोठले नाही, तर आणखी प्रतिविष देतात.

खरी गोम येथेच आहे. हे 6 तास सुरू होतात एका दवाखान्यात आणि संपतात दुसऱ्यात! आरोग्य केंद्रात रात्री 9 वाजता 10 कुप्या दिल्या आणि रुग्ण 11 वाजता हिंगोलीला पोहोचला, तर पुढची तपासणी पहाटे 3 वाजता हवी. चिठ्ठीवर नुसतेच ‘सर्पदंश, प्रतिविष दिले’ असे असेल तर? नव्या डॉक्टरांनी 11 वाजताच तपासणी केली, तर रक्त पातळ दिसेल. औषध कमी पडले असे वाटून ते लगेच दुसरी मात्रा देतील. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते, त्याची तीव्र प्रतिक्रियाही येऊ शकते. ते उगाच द्यायचे औषध नव्हे. उलट त्यांनी 11 पासून 6 तास मोजले, तर तपासणी पहाटे 5 वाजता होईल आणि विष शिल्लक असेल तर त्याला दोन तास मोकळे मिळतील. दोन्ही डॉक्टर हुशार, औषधही योग्य. हरवली ती फक्त वेळ. (डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद पुष्कळ आहेत. पण घाईत लिहिलेला 1 जर 7 वाचला गेला, तर ती हसण्याची गोष्ट राहत नाही.)

लिहिणे झाले, तरी ऐकणाऱ्याचे काम उरतेच. रेल्वेत एका स्टेशनमास्तरने दुसऱ्याला फोनवर गाडीचा निरोप दिला, की ऐकणारा तो परत म्हणून दाखवतो आणि दोघेही नोंदवहीत लिहितात. डॉक्टरांनीही असेच करून पाहिले आहे. अमेरिका आणि कॅनडातील 9 रुग्णालयांच्या बालरोग विभागांत पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याची ठरावीक रीत शिकवली गेली. आजार किती गंभीर, आतापर्यंत काय झाले, पुढे काय करायचे, काय बिघडू शकते आणि शेवटी ऐकणाऱ्याने सारे आपल्या शब्दांत सांगायचे. 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 10,740 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय 30 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. विशेष म्हणजे या रीतीने एका रुग्णामागे लागणारा वेळ जवळजवळ वाढला नाही.

तुम्हीही वर्गात एक प्रयोग करून पाहा. ‘रात्री 9 वाजता 10 कुप्या, 3 वाजता तपासणी, डावा पाय, दोरी 8 वाजता सोडली’ हा निरोप कानगोष्टींच्या खेळाप्रमाणे सहा जणांतून पुढे पाठवा. दुसऱ्या खेपेला दुसरे सहा जण घ्या, आकडे बदला आणि प्रत्येकाला निरोप परत म्हणून दाखवायला लावा. तिसऱ्या खेपेला नव्या आकड्यांची चिठ्ठीही बरोबर द्या. प्रत्येक खेपेला शेवटच्या मुलापर्यंत पाचपैकी किती गोष्टी बरोबर पोहोचल्या, ते फळ्यावर लिहा.