आकाशाचे फोटो काढून झाल्यावर: फाइलींची तपासणी आणि मांडणी

कोरपन्यातल्या या व्याख्यानाला गडचांदूर, राजुरा, जिवती इकडूनही लोक आले आहेत, त्या सगळ्यांचं स्वागत. आकाशाचे फोटो कसे काढायचे यावर पुष्कळ बोललं जातं. पण रात्र संपल्यावर लॅपटॉपमध्ये ज्या दोन-तीनशे फाइली येऊन पडतात, त्यांचं करायचं काय, यावर फारसं कुणी बोलत नाही. आज आपण तेवढंच बघणार आहोत.

आधी हिशेब करू. २६ मेगापिक्सेलचा कॅमेरा धरा. खगोल-कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट लागतात, म्हणजे एक फाइल ५२ एमबीची. तीन-तीन मिनिटांचे फोटो पाच तास काढले की १०० फ्रेम होतात आणि ५.२ जीबी जागा जाते. अशा दहा रात्री मिळाल्या तर ५० जीबीच्या पुढे गेलोच. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे आकाश जवळपास बंद असतं, त्यामुळे हातात आलेली प्रत्येक रात्र मोलाची.

एकाच तेजोमेघाचे १०० फोटो कशाला, असं कुणी विचारेल. तेजोमेघाचा उजेड इतका मंद असतो की एका फोटोत तो कॅमेऱ्याच्या खरखरीत बुडून जातो. बरेच फोटो एकमेकांवर बसवून सरासरी काढली की खरखर दबते आणि उजेड वर येतो. याला स्टॅकिंग म्हणतात. यात फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुधारणा होते. म्हणजे १०० फ्रेमचं चित्र एका फ्रेमपेक्षा दहापट स्वच्छ. हे वर्गमूळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फाइलीच्या पोटात काय असतं

खगोलशास्त्रातल्या फाइलींना फिट्स म्हणतात. हा प्रकार १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही वेधशाळा तोच वापरतात. फिट्स फाइलीत चित्राच्या आधी एक हेडर असतो. साधा वाचता येणारा मजकूर, ८० अक्षरांची एकेक ओळ. कोणत्या वस्तूचा फोटो, एक्सपोजर किती सेकंदांचं, कॅमेऱ्याचं तापमान किती, फिल्टर कोणता, आणि फोटो कोणत्या दिवशी किती वाजता काढला, हे सगळं तिथे असतं. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या रॉ फाइलीतही अशी नोंद असते, तिला एक्झिफ म्हणतात.

नव्या माणसाची गंमत इथेच होते. फिट्स फाइल उघडली की पडदा काळाकुट्ट. वाटतं, फोटो वाया गेला, डिलीट करा! तसं करू नका. त्यात उजेड आहे, पण तो काळ्याच्या अगदी जवळच्या आकड्यांत दाटीवाटीने बसलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये ऑटो स्ट्रेच नावाचं बटण असतं. ते ते आकडे फक्त दाखवण्यापुरते ताणतं, मूळ फाइलीला हात लावत नाही.

पहिलं काम: बघणं

सगळ्या फ्रेम एकापाठोपाठ एक भराभर दाखवायच्या, याला ब्लिंक म्हणतात. डोळा स्थिर गोष्टींकडे दुर्लक्ष करतो आणि बदललेली गोष्ट पटकन पकडतो. एका फ्रेममध्ये ढग आला, एकीत दुर्बिणीला धक्का लागला, एकीतून उपग्रह गेला, हे १०० फ्रेममध्ये दोन-तीन मिनिटांत कळतं.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. क्लाइड टॉम्बॉने १९३० साली २३ आणि २९ जानेवारीच्या काचेच्या प्लेटा ब्लिंक यंत्रात आलटून पालटून बघितल्या. १८ फेब्रुवारीला त्याला एक ठिपका सरकलेला दिसला. तो प्लूटो होता.

आज हे काम करायला अ‍ॅस्टॅप आणि डीएस९ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पिक्सइनसाइटमध्येही ब्लिंक आहे, पण ते विकत घ्यावं लागतं. सुरुवातीला फुकटची पुरतात.

दुसरं काम: मोजणं

डोळ्याला ढग दिसतो, पण फोकस हळूहळू बिघडत गेला तर तो चटकन दिसत नाही. म्हणून मोजायचं. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये चार गोष्टी काढून देतं: ताऱ्याचा ठिपका किती रुंद, तो किती गोल, एकूण तारे किती सापडले आणि मागचं आकाश किती उजळ. सिरिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये याचा आलेख येतो. आलेखातला वाईट बिंदू निवडून ती फ्रेम स्टॅकिंगमधून वगळता येते. फाइल मात्र डिस्कवर तशीच राहते. डीपस्कायस्टॅकर प्रत्येक फ्रेमला गुण देतं आणि सर्वांत चांगल्या इतक्या टक्के घ्या, असं त्याला सांगता येतं.

आता आकडे वाचायचे कसे? ताऱ्यांची रुंदी हळूहळू वाढत गेली तर तापमान उतरल्यामुळे फोकस सरकला असेल. तारे एकाच दिशेने लांबट झाले तर माउंटचा मागोवा चुकतोय. तारे कमी झाले आणि आकाशही बदललं, तर पातळ ढग.

मागचं आकाश उजळ होणं हा आपल्याकडे खास बघण्यासारखा आकडा. कोरपन्याहून पूर्वेला गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यांचा उजेड आहे. त्या बाजूला वस्तू नुकतीच उगवलेली असताना काढलेल्या फ्रेम आणि ती डोक्यावर आल्यावर काढलेल्या फ्रेम यांत या आकड्याचा फरक दिसलाच पाहिजे. दक्षिणेकडेही तेच. आपण जवळपास २० अंश अक्षांशावर आहोत, म्हणून ओमेगा सेंटॉरी हा सुंदर तारकागुच्छ आपल्याला दिसतो, पण क्षितिजापासून जेमतेम २२-२३ अंश वर. तिथे हवेचा थर जाड. त्याच्या फ्रेममध्ये तारे जाडच येणार. मृगातल्या तेजोमेघाच्या फ्रेमशी त्यांची तुलना करून त्या नापास करायच्या नाहीत. तुलना एका वस्तूची, एकाच रात्रीत.

तिसरं काम: वेगळं करणं

तीन फोल्डर करा: पास, शंका, नापास. नापास फाइली हलवायच्या, डिलीट करायच्या नाहीत. १०० पैकी १० फ्रेम वगळल्या तर नुकसान किती? वर्गमूळ आठवा. ९० आणि १०० च्या वर्गमुळांत पाचच टक्क्यांचा फरक आहे. म्हणून खरोखर वाईट फ्रेम खुशाल वगळा. पण उपग्रहाची रेघ आली एवढ्यावरून फ्रेम वगळायची गरज नाही. २०-३० फ्रेम असल्या की सॉफ्टवेअर तो एकटा वेगळा पडलेला उजेड ओळखून सरासरीतून काढून टाकतं.

मांडणी सोपी ठेवा. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. त्यात वस्तूचं नाव, आणि आत लाइट, डार्क, फ्लॅट असे वेगळे कप्पे. नावं रोमन लिपीत आणि मधे मोकळी जागा न सोडता लिहा, काही सॉफ्टवेअर देवनागरी नावांना अडखळतात. डार्क म्हणजे झाकण लावून काढलेला फोटो. त्याचं एक्सपोजर आणि तापमान मूळ फोटोशी जुळावं लागतं. सेन्सरची उष्णतेची खरखर साधारण दर सहा अंशांना दुप्पट होते. ज्या कॅमेऱ्याला थंड करण्याची सोय नाही, त्याचा जानेवारीतला डार्क आपल्या एप्रिलच्या रात्रीला चालत नाही.

वेळ जपा

आता आजच्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फाइलीचं नाव हरवलं, कोणत्या वस्तूचा फोटो ते आठवत नाही, तरी घाबरू नका. अ‍ॅस्टॅप किंवा अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट ताऱ्यांची नक्षी ओळखून फोटो आकाशातला कुठला ते सांगतात. पण फोटो केव्हा काढला, हे ताऱ्यांवरून कळत नाही. ते फक्त हेडरला माहीत असतं.

याचं महत्त्व या भागाच्या इतिहासातूनच सांगतो. आपला राजुरा-कोरपना भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या निजामिया वेधशाळेने आंतरराष्ट्रीय तारका-सूचीच्या कामात भाग घेतला होता. दक्षिण आकाशातला १७ ते २३ अंशांचा पट्टा तिच्याकडे होता. काचेच्या प्लेटांवर फोटो, आणि त्यांवरून ताऱ्यांच्या जागा मोजलेल्या. पुढे २००० साली टायको-२ ही २५ लाख ताऱ्यांची सूची आली. तिच्यात ताऱ्यांची संथ चाल काढायला उपग्रहाच्या नव्या मोजमापांसोबत जगभरातल्या वेधशाळांची ही जुनी मोजमापं वापरली. चाल काढायला दोन जागा लागतात आणि मधला काळ लागतो. प्लेटेवरची तारीख लिहिलेली नसती, तर ती मोजमापं या कामाला निरुपयोगी ठरली असती.

अलीकडचं उदाहरण तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं असेल. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. आकाशात जळत जाणाऱ्या रेघा दिसल्या आणि आपल्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो टप्पा असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. अशी ओळख पटवताना वेळ आणि दिशा यांचाच मेळ बसवावा लागतो. त्या संध्याकाळी किती तरी मोबाइलांनी ते टिपलं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की त्यातली एक्झिफ नोंद निघून जाते. पुढे पाठवत गेलं की फक्त चित्र उरतं, पुरावा उरत नाही. असं काही टिपलंत तर मूळ फाइल जपा, आणि पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न: रात्री बारा वाजता तारीख बदलते, मग फोल्डरला कोणती तारीख द्यायची? संध्याकाळची द्या. फिट्समध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तिथले दुपारचे बारा, आणि तिथली तारीख बदलते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणजे भारतातली जवळपास सगळी रात्र हेडरमध्ये एकाच तारखेत बसते! डीएसएलआर मात्र आपण लावलेलं घड्याळ दाखवतो. त्याच्या फाइलीत मध्यरात्रीनंतरची तारीख पुढची असेल.

दुसरा प्रश्न: कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल तर? काम सुरू करताना मोबाइलचं घड्याळ सेकंदांसह पडद्यावर आणा आणि त्याचा एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवा. दोन्ही वेळांतला फरक त्यावरून कळतो. पुढे एक्झिफटूल या फुकट साधनाने सगळ्या फाइलींची वेळ तेवढीच पुढे-मागे करता येते. हे मूळ फाइलींवर करू नका, आधी त्यांची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करा.

घरी गेल्यावर जुन्या कुठल्याही एका रात्रीचं फोल्डर उघडा, अ‍ॅस्टॅपमध्ये ब्लिंक करा आणि तीन फाइलींचे हेडर वाचून बघा. त्यात वेळ बरोबर आहे का, एवढंच आज तपासा.