मुक्यानं येणारा तितर

पहाटे ओरडणारा तितर कुठल्या बाजूला आहे, हे कुणालाही सांगता येतं. आवाज मोठा असतो, ठसठशीत असतो आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा येतो. कस लागतो तो ओरडणं थांबल्यावर. माळावर नवखा माणूस अशा वेळी पक्षी गेला असं समजून उठतो. जाणता माणूस त्याच वेळी अंग चोरून बसतो, कारण गप्प झालेला तितर बहुतेक वेळा त्याच्याच दिशेनं निघालेला असतो.

नागपुरातून काटोल, हिंगणा किंवा उमरेडच्या रस्त्यानं थोडं बाहेर पडलं की तितराचा मुलूख लागतो. विरळ बाभळी, बोरी, पळस, मधे कुसळीचं गवत, नाल्याच्या काठानं काटेरी झुडपं आणि लागूनच कपाशी-तुरीची शेतं. महसूल खात्याच्या कागदात यातल्या बऱ्याच जमिनीची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी जमीन सुमारे ८६ हजार हेक्टर भरते. ती पडीक की जंगल, हा वाद वर्षानुवर्षं चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच आहे असा निकाल दिला. मोठी झाडं नाहीत म्हणून या रानाला कुणी जंगल म्हणत नव्हतं. तितराला मात्र नेमकं असंच रान लागतं. दाट सागवानात तो रमत नाही. त्याला धावायला मोकळी जमीन, लपायला झुडूप आणि रात्री बसायला काटेरी झाड, तिन्ही हाकेच्या अंतरावर हवं असतं.

आपल्याकडचा नेहमीचा तो राखी तितर. लांबी साधारण ३३ सेंटिमीटर, अंगावर राखी-तपकिरी बारीक रेघांची नक्षी, गळ्यावर फिकट डाग आणि त्याभोवती काळी रेघ. वाळल्या गवतात तो दहा पावलांवर उभा असला तरी दिसत नाही. रात्री हे पक्षी बाभळीसारख्या ठेंगण्या काटेरी झाडावर बसतात. उजाडायच्या सुमारास एखादा नर साद घालतो, शेजारचा उत्तर देतो, मग तिसरा. मादीही आवाज देते, कधी नराच्या आवाजात आवाज मिसळून. ही सगळी हद्दीची भाषा आहे: मी इथं आहे, जोडीनं आहे, इकडे येऊ नको. पावसाळ्यात त्यांच्या जोडीला रंगीत तितर बोलू लागतो. तो बांधावर, दगडावर किंवा चक्क फांदीवर चढून घोगऱ्या, किरकिऱ्या आवाजात ओरडतो. एरवी वर्षभर तो इतका गप्प असतो की गावातल्या लोकांनाही तो आपल्या शिवारात आहे हे ठाऊक नसतं.

फासे लावून शिकार करणाऱ्या फासेपारधी समाजाची तितराची पारध या हद्दीच्या भांडणावर उभी होती. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिलेले चार खंड १९१६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा नागपूर ही या प्रांताची राजधानी होती. त्या खंडांत पारध्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. हरणासाठीचे फासे वेगळे, पाखरांसाठीचे वेगळे. तितरासाठी पारधी पाळलेला नर पिंजऱ्यातून रानात नेत. जिथं रानातला नर ओरडतो तिथं, त्याच्या हद्दीत, पिंजरा ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. पाळलेला नर ओरडला की हद्दीचा मालक चवताळून उत्तर देई. दोघांची जुंपे. आणि मग एकाएकी रानातला आवाज बंद पडे.

पारध्याचं खरं काम इथून पुढचं. आवाज दूर जात जात विरला असेल तर पक्षी सरकलेला असतो. पण जवळ येता येता मधेच तुटला असेल, तर पक्षी धावत सुटलेला असतो. धावताना तितर ओरडत नाही. मान खाली, अंग जमिनीशी समांतर, झुडपाच्या सावलीतून सावलीत. तो सरळही येत नाही. आधी बाजूनं वळसा घालून पाहतो आणि समोरचा नर डोळ्यांना दिसल्यावर मगच अंगावर धावून जातो. पारधी तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घेई.

आता या पक्ष्याला गप्प का राहावं वाटतं, ते नीट पाहू. पहिलं कारण साधं आहे. ओरडणं म्हणजे आपला पत्ता सांगणं. लांबून पत्ता सांगण्यात धोका कमी आणि फायदा मोठा, कारण शेजाऱ्याला न लढता दूर ठेवता येतं. अंतर कमी झालं की हिशेब उलटतो. त्या सादेवर शिक्रा, मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांचेही कान असतात. शेजारी कुठं आहे हे एकदा कळल्यावर तितराला आणखी बोलून काही मिळवायचं उरत नाही.

दुसरं कारण मानपानाचं. प्रत्येक नराकडे हद्द नसते. हद्दवाल्याच्या समोर तरण्या, दुबळ्या नरानं तोंड उघडलं तर मार बसतो. असा नर आवाज ऐकून येतो, पाहतो, जमलं तर घुसतो, नाहीतर आला तसा निघून जातो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्द नाही.

हीच गोष्ट उत्तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना रानटर्कीबाबत पुरेपूर अनुभवाला येते. तिथं वसंतात परवान्यानं नर टर्कीची शिकार होते. नराची गडगडाटी साद मैलभर ऐकू जाते आणि रिवाज असा की नर ओरडतो, मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून उलटं मागत असतो: तू माझ्याकडे ये. बरेच नर जागेवर उभे राहून ओरडत राहतात. काही मात्र निघतात आणि निघाले की गप्प होतात. वरचढ नराच्या धाकातले नर तर मुक्यानंच येतात, आणि हंगामाच्या शेवटी, खोटे आवाज ऐकून शहाणे झालेले जुने नरही. तिकडचे अनुभवी शिकारी म्हणूनच रुंद बुंध्याला पाठ लावून, साद बंद झाल्यावरही बराच वेळ हलत नाहीत. त्यांचं आमिष मादीचा आवाज, पारध्याचं आमिष प्रतिस्पर्ध्याचा. एक पक्षी ओढीनं येतो, दुसरा रागानं. शेवटच्या टप्प्यात दोघेही तोंड बंद ठेवतात, याचं मला फार नवल वाटतं.

आपल्याकडे तितराची पारध आता गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीचे परवाने होते. १९९१च्या दुरुस्तीनं तेही संपले. कायद्यातली शिकारीची व्याख्या नुसत्या बंदुकीपुरती नाही. फासे लावणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं त्यातच येतं. पण मुक्यानं येणारा तितर पाहायला फासा लागत नाही. पारध्याचे कान लागतात.

उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर बसावं. पाठ बुंध्याला, तोंड मोकळ्या पट्ट्याकडे, सूर्य उगवल्यावर तो मागे राहील असं. कपडे मातकट. आधी फक्त ऐकावं: किती नर बोलतात, कोण कुणाला उत्तर देतो, कुणाचा आवाज जागा बदलतो. वीस मिनिटांत आसपासच्या हद्दींचा नकाशा डोक्यात तयार होतो. मग ज्या बाजूचा आवाज जवळ येता येता तुटतो, तिकडे नजर लावावी. डोकं वळवू नये, डोळे वळवावेत.

यापुढे पाचोळा बोलतो. फेब्रुवारी-मार्चात पळसाची मोठी पानं वाळून पडलेली असतात, तेव्हा हे शिकायला सगळ्यात सोपं. सातभाई पानं उलथून टाकतात, त्यांचा सततचा गोंधळ असतो आणि आवाज एकाच जागी राहतो. सरडा एकदम सुर्रकन जातो आणि मग बराच वेळ काही नाही. तितराची चाल या दोन्हींपेक्षा वेगळी: झपझप पावलं, थांबा, पुन्हा झपझप, पुन्हा थांबा. थांबा महत्त्वाचा, कारण त्यात तो मान उंचावून पाहतो. तुमची हालचाल झाली तर ती नेमकी त्याच क्षणी पकडली जाते. हलायचंच असेल तर तो धावत असताना हलावं. काळ्या मातीच्या उघड्या शेतात पाचोळा नसतो आणि पावलं अजिबात ऐकू येत नाहीत. तिथं बांधाच्या कडेला नजर ठेवावी. तितर मोकळं शेत मधून ओलांडण्यापेक्षा कडेकडेनं येणं पसंत करतो.

इतर पाखरांकडेही कान असू द्यावा. तितर येतो तेव्हा सातभाई आपलं काम चालू ठेवतात. त्यांनी एकदम कलकलाट केला किंवा कोतवाल कर्कश ओरडला, तर येणारा तितर नाही, मुंगूस किंवा शिक्रा आहे. अशा कलकलाटानंतर माळ शांत झाला तर ती शांतता वेगळी. तितर जवळ असला तरी झुडपात दडून राहील आणि पंधरा-वीस मिनिटं काही होणार नाही.

मोबाइलवर तितराचा आवाज वाजवून पक्षी समोर आणण्याची सवय फोटोवाल्यांत पसरली आहे. ती मला मान्य नाही. मोबाइलमधला आवाज म्हणजे पारध्याचा पाळलेला नरच, फक्त फाशाशिवाय. विणीच्या दिवसांत नर मादीला आणि जमिनीवरच्या अंड्यांना सोडून उघड्यावर धावत येतो, न दिसणाऱ्या शत्रूला शोधत राहतो, आणि तेवढ्या वेळात मुंगसाचं काम होऊन जातं. रोज नवा माणूस नवा आवाज वाजवतो तेव्हा त्या नराची हद्द मोडते.

फासेपारध्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं पारध्यांसह अनेक समाजांना गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र राहिला. पुढे पारधही बंद झाली आणि रान वाचायची त्यांची विद्या कुणी विचारेनासं झालं. विदर्भात याला अपवाद आहे. कारंजा इथल्या ‘संवेदना’ संस्थेनं अकोला-वाशिमच्या गवताळ रानात तणमोराच्या संरक्षणासाठी फासेपारध्यांनाच सोबत घेतलं. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून उड्या मारतो म्हणून दिसतो. मादी गवतात गप्प असते. २०२१पासून हा पक्षी जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. न बोलणारं पाखरू गवतात कुठं असेल हे ओळखणारे डोळे तिथं पगार देऊन शिकवून मिळत नाहीत. नागपूरच्या झुडपी जंगलाची पाहणी कधी नीट झालीच, तर तिथंही पहिली विचारणा जवळच्या पारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, व्हावी.

तितर दिसून गेला की लगेच उठू नये. नर पुढे आणि मादी थोडी मागे असा प्रकार नेहमीचा, आणि पावसाळ्याच्या सुमारास तिच्यामागे पिल्लंही असू शकतात. तीही आवाज न करता जातात. दहा मिनिटं थांबावं, मग ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं, पायाखाली बघत परतावं. तितराचं घरटं म्हणजे झुडपाच्या बुडाशी मातीतला उथळ खळगा आणि त्यातली फिकट अंडी, बाकी काही नाही.